ठेक्यावर येणारा हात

लेझीम माझ्या हातातून तिसऱ्यांदा सुटली आणि शेजारी नाचणाऱ्या रेहानाच्या पायावर पडली. या वेळी ती ओरडली नाही. नुसतं माझ्याकडे बघितलं. मला ते जास्त लागलं.

म्हेत्रे सरांनी हलगी थांबवायला सांगितली. "सानवी, शनिवारी शेवटची निवड आहे. पुन्हा सुटली, तर तू पथकापुढे झेंडा धरून उभी राहा. चालेल?"

"अजिबात नाही चालणार," मी म्हणाले. अर्थात मनातल्या मनात.

माझा उजवा हात कोपराच्या खाली यांत्रिक आहे. तिथे जन्मापासूनच हात नव्हता, त्यामुळे कुणी हळहळायची गरज नाही. दंडाचे स्नायू आवळले की त्यांतून विजेचे बारीक संकेत निघतात. हात ते वाचतो आणि बोटं मिटतो. लेझमीत डाव्या हातात लाकडी दांडा असतो आणि उजव्या हाताने साखळीची मूठ ओढायची असते. ओढताना पकड घट्ट हवी, फिरवताना सैल. घट्ट व्हायला जरा उशीर झाला की साखळीच्या झटक्याने दांडाही डाव्या हातातून निसटतो, गेलीच लेझीम!

हा हात सुलूआत्याने बनवला होता. ती बाबांची बहीण, इथेच कोल्हापुरात संशोधक आहे. त्या संध्याकाळी मी थेट तिच्याकडे गेले.

"आत्या, तुझा हात एकदम बेकार आहे!"

"आल्या आल्या भांडण? चप्पल तरी काढ आधी."

तिने हाताला वायर जोडली आणि पडद्यावर त्याची नोंदवही उघडली. "गेल्या महिन्यात हा हात दहा हजार वेळा मिटलाय. संकेत आल्यापासून बोटं हलायला लागेपर्यंत सरासरी पाच मिलिसेकंद (एका सेकंदाचे हजार भाग केले, तर त्यातले पाच). रेहानाच्या हाताहूनही चपळ आहे की!"

"मग लेझीम सुटून रेहानाच्या पायावर पडते कशी?"

"तेच कोडं आहे." ती बराच वेळ आकडे सरकवत राहिली. "हे बघ. तीनदा त्याला तीनशे मिलिसेकंद लागलेत."

"दहा हजारांत फक्त तीनदा?"

"रेहानाच्या पायाला सरासरी कळते का गं?"

मी खुर्ची ओढून पडद्याजवळ बसले.

त्या तीनही वेळी हात काय करत होता, तेही नोंदवहीत होतं. एकदा तो फोटो पाठवत होता, एकदा नवीन गाणं उतरवून घेत होता आणि एकदा स्वतःसाठी नवीन अपडेट शोधत होता.

"ही कामं हाताच्या मागे लावली कुणी?" आत्याने विचारलं. मी छताकडे बघायला लागले. आधीचा हात फक्त पकडायचा. रेहानाचं घड्याळ गाणी वाजवतं, मग माझ्या हातानेही वाजवली पाहिजेत, फोटो काढले पाहिजेत, हवामान सांगितलं पाहिजे, म्हणून मी दोन महिने आत्याचं डोकं खाल्लं होतं.

"आणि मी तुझं ऐकून त्यात फोनसारखी भलीमोठी ऑपरेटिंग सिस्टीम (यंत्राची कामं वाटून देणारी व्यवस्था) बसवली," ती म्हणाली. "चूक माझी आहे. चल स्वयंपाकघरात."

तिने दूध तापत ठेवलं. माझ्यापुढे धुतलेल्या कपड्यांचा ढीग आणि मटाराच्या शेंगा मांडल्या. "एका कपड्याची घडी घाल, दहा शेंगा सोल, दुधाकडे बघ. मग पुन्हा पहिल्यापासून. मध्ये काही सोडायचं नाही."

चार फेऱ्या मजेत झाल्या. पाचव्या फेरीला डबल बेडची चादर आली. तिचं चौथं टोक शोधेपर्यंत दूध फसफसून शेगडीभर झालं!

"ही फेरीची पद्धत," आत्या शेगडी पुसत म्हणाली. "कामं थोडी आणि लहान असली की झकास चालते. टाकीतलं पाणी मोजणाऱ्या यंत्राला तेवढी पुरते. तिथे ऑपरेटिंग सिस्टीम लागतच नाही."

"आणि फोनची पद्धत?"

"फोन सगळ्यांना खूश ठेवायला बघतो. थोडी चादर, थोडा मटार, थोडं दूध. दिवसभरात ढीगभर कामं उरकतो. पण दुधाकडे नेमकं कधी बघेल, याची हमी नाही. बहुतेक वेळा लवकर, कधीतरी उशिरा."

मग तिने उरलेलं दूध पुन्हा ठेवलं. "आता नियम बदलला. दूध वर आलं की मी हाक मारीन. असशील तिथे थांबायचं, कुठे होतीस ते लक्षात ठेवायचं, गॅस बंद करायचा आणि मग तिथूनच पुढे सुरू."

या वेळी दूध वाचलं. पण धावपळीत मटार निम्मेच सोलून झाले.

"ही झाली रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टीम (वेळेशी बांधलेली व्यवस्था). इथे प्रत्येक कामाला क्रमांक असतो आणि मुदत असते. वरच्या क्रमांकाचं काम आलं की खालचं थांबतं."

"म्हणजे ही सगळ्यात वेगवान?"

"अगं, तिथेच सगळे फसतात! एकूण कामात ती मागेही पडेल. पण पकड वीस मिलिसेकंदांच्या आत सुरू होणार म्हणजे होणार, असं ती शब्द देऊन सांगते. नीट बसवली तर तो शब्द पाळतेही."

"आणि माझी गाणी?"

"काही यंत्रांत दोन चिप असतात. वेळेच्या कामांना छोटी आणि बाकीच्या पसाऱ्याला मोठी. तुझ्या हातात जागा एकीचीच आहे. त्यामुळे गाणी शेवटी, वेळ उरला तर." तिने कागद पुढे केला. "क्रमांक तू लिही. हात तुझा आहे."

मी लिहिलं: एक, पकड.

"आणि पकडीत कुणाचं बोट सापडलं तर? हाताच्या सेन्सरना ते कळतं."

मी खोडलं. एक, बोट सापडलं तर सोडणं. दोन, पकड. ऐन निवडीत हाताने लेझीम सोडली तर मी बाहेरच! तरी मी तो क्रमांक बदलला नाही. आत्याने त्याच रात्री हातात नवी व्यवस्था बसवली.

शनिवारी हात ठेक्यावर असा आला की मी मोजणंच विसरले. एकही ओढ चुकली नाही. शेवटच्या रचनेत रेहाना आणि मी एकमेकींसमोर आलो, साखळ्या जवळ आल्या, आणि मला काही कळायच्या आत माझी बोटं फटकन उघडली. लेझीम खणकन जमिनीवर पडली. हलगी थांबली.

सगळं संपलं, असं वाटून माझे डोळे भरून आले.

"सर, माझं बोट तिच्या मुठीत अडकलं होतं," रेहाना म्हणाली आणि तिने बोट वर केलं. नुसतं लाल झालं होतं.

सरांनी ते बोट पाहिलं, मग माझा हात पाहिला. "अशा वेळी सोडायचं, हे याला कुणी शिकवलं?"

"मी, सर. पहिल्या क्रमांकावर लिहिलंय."

सर शिट्टी तोंडाजवळ नेत म्हणाले, "रेहाना, एक हात अंतर ठेव. सानवी, उचल लेझीम. पथक आहे तसंच राहील. पुन्हा पहिल्यापासून!"

रेहानाने मला इतक्या जोरात मिठी मारली की सर आम्हा दोघींवर ओरडले.

आत्या आता दोन चिपचा हात बनवते आहे, साताऱ्याच्या एका सात वर्षांच्या मुलासाठी. परवा तिने क्रमांकांचा कोरा कागद माझ्यापुढे ठेवला. तू आता यातली तज्ज्ञ, म्हणाली, लिही. मी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "आधी त्याला फोन लाव, आत्या. त्याला हाताने काय काय करायचंय, ते विचारू."