शब्दतुलेचा चढता आलेख

संहितामापन प्रयोगशाळेत डॉ. वत्सला खांबेटे येरझारा घालत होत्या. पडद्यावरची रेषा वरवर चढत होती आणि ती त्यांना पटत नव्हती.

"इरफान, ॲग्नेस लोबो शेवटची कादंबरी लिहिताना पंचाहत्तरीच्या होत्या. या वयात त्यांचं इंग्रजी एवढं कसं बहरलं?"

"तुम्हीही त्याच वयाच्या की, मॅडम! तुम्हीच सांगा," त्यांचा संशोधक विद्यार्थी हसला. उद्या परिषदेत तो हाच आलेख दाखवणार होता.

"चावटपणा पुरे. ते... काचेचं दे इकडे."

इरफानने चष्मा दिला. हल्ली त्याला सवय झाली होती.

"आता सांग, आपली शब्दतुला काय करते?"

"लेखिकेचे शब्द मोजते. नेमके किती, 'वस्तू', 'काहीतरी' असे मोघम किती. मग त्याच काळातल्या दुसऱ्या लेखनाशी, म्हणजे तुलनासंचाशी ताडून फरक काढते."

"फक्त फरक. लहानपणी आई दाराच्या चौकटीवर तुझ्या उंचीची रेघ मारायची ना? समज, चौकटच दरसाल जमिनीत खचतेय. मग?"

"मी न वाढताही वाढलेला दिसेन."

"शाब्बास. लोबोबाई कदाचित होत्या तिथेच आहेत. खचतोय तो तुलनासंच. कोणाचा घेतलास?"

इरफानचं हसू मावळलं.

"त्यांच्याच वयाचं, याच शहरातलं, सलग वीस वर्षांचं इंग्रजी हवं होतं. प्रबंधात आभार मानून तुम्हाला चकित करणार होतो..." तो पुटपुटला. "तुमचे रविवारचे लेख, मॅडम. तुमच्याइतकं चोख इंग्रजी दुसरं कुणाचं?"

येरझारा थांबल्या.

"शब्दतुला चुकली असेल," तो घाईने म्हणाला.

"मग पडताळ. दुसरे चार लेखक घाल. आणि माझे लेखही त्यांच्याशी ताड."

लोबोंची रेषा सरळ झाली. रविवारच्या लेखांची रेषा बरीच वर्षं तशीच सरळ चालली आणि शेवटी घसरत गेली.

"उद्या मी काहीच दाखवणार नाही," इरफान म्हणाला.

"दाखवायचं. चूक सापडली की ती चारचौघांत सांगायची, हेच शिकवलंय तुला. परिषद झाली की डॉक्टरांकडे सोबत चल. वेळेवर कळलं तर त्या ह्याच्यावर... काय म्हणतात रे?"

इरफानला 'स्मृतिभ्रंश' हा शब्द माहीत होता. रोजच्यासारखा तो त्याने पुरवला नाही. तो वाट पाहत राहिला आणि मॅडमच्या येरझारा पुन्हा सुरू झाल्या.