अस्सल शाई

आष्टेकरांच्या स्वयंपाकघरात मिक्सरशेजारी प्रिंटर होता आणि मिहिर आष्टेकर त्याच्यावर जगत होते. मिरजेत तेव्हा असे प्रिंटर घरोघरी झाले होते. त्यांत पेशीशाई घालायची. पेशीशाई म्हणजे रुग्णाच्याच पेशींपासून वाढवलेला जिवंत रस. प्रिंटर त्याचं पातळ ठिगळ छापी. ते पोटावर चिकटवलं की त्यात रक्तवाहिन्या शिरत आणि ठिगळ यकृताचं काम करू लागे. मिहिररावांचं स्वतःचं यकृत नावापुरतंच उरलं होतं.

कार्ट्रिज मात्र भयंकर महाग. त्यात तळाशी शाई दिसत असतानाच यंत्र 'संपली' म्हणून अडून बसे. असली लूट बघून कुणाचंही डोकं फिरेल, मिहिररावांच्या बायकोचं, ईश्वरीबाईंचं फिरलंच. बाजारात कुणालाही चालणारी शाई निम्म्या किमतीत मिळत होती, पण प्रिंटर ती घेईना. मग बाई तेलाच्या पिशवीचं जे करत तेच त्यांनी केलं. जुनं कार्ट्रिज उलटं टांगलं, थेंब न् थेंब निथळवला आणि स्वस्त शाईत मिसळला. अस्सल शाईचा अंश सापडताच प्रिंटर निमूट सुरू झाला.

"बघितलंस, कसं गंडवलं मेल्याला?" त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"कंपनीने तुलाच नोकरीवर घ्यायला हवं," मिहिरराव हसले.

आठवडाभरात त्यांचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले.

पेशीतज्ज्ञ डॉ. नसरीन मुजावर यांनी ठिगळं तपासली आणि विचारलं, "काकू, शाई कुठली घातलीत?"

ईश्वरीबाईंनी काही लपवलं नाही.

"कंपनीच्या पेशींवर ओळखगाठ असते," डॉक्टर म्हणाल्या. "म्हणजे एक रसायन. त्यावरून त्या एकमेकींना ओळखतात. कार्ट्रिजमध्ये बिनगाठीची पेशी आली की तिला मारायचं, एवढंच त्यांना शिकवलंय. नकली माल चालू नये म्हणून."

"मग मारू दे की ती स्वस्त शाई. मिहिरला कशाला त्रास?"

"एकदा चवताळल्या की त्या शांत होत नाहीत. तशाच छापल्या गेल्या. पोटावरच्या जुन्या ठिगळांनाही त्यांनी चवताळून सोडलं. आणि काकांच्या स्वतःच्या पेशींवर कुठे आहे गाठ?"

ईश्वरीबाईंनी नवऱ्याच्या पिवळ्या डोळ्यांकडे बघितलं.

"म्हणजे मिहिरचं शरीरच नकली?"

"त्यांच्या लेखी, हो."

"काढून टाका ती ठिगळं. आत्ताच्या आत्ता."

"काढली तर काका फार दिवस काढणार नाहीत. ठेवली तर त्या पेशी यकृत संपवतील, मग शेजारचं. जे संपेल ते अस्सल, गाठवाल्या शाईने पुन्हा छापत जायचं. कंपनीकडे सगळ्याची शाई आहे." डॉक्टरांनी मान खाली घातली. "मेंदूचीही येतेय म्हणतात."

ईश्वरीबाईंना रडू आवरेना. "थोडं वाचवायला गेले रे," त्या म्हणत राहिल्या.

मिहिररावांनी आपल्या हातांकडे बघितलं. मग त्यांनी बायकोच्या पाठीवर हात ठेवला.

"अस्सलच मागव," ते म्हणाले. "आणि मोठा पॅक घे. त्यात स्वस्त पडतं."