खाट शेवटी चढवायची

नको, त्या खाटेला हात लावू नकोस. या, खोक्यांवरच बसा सगळे, खुर्च्या बांधून झाल्या. ती सुतळी इकडे दे, बोलता बोलता माझ्या गाठी मारून होतील. ट्रक पहाटे पाचला येणार आहे. तोवर झोप तशीही कुणाला लागणार नाही.

मघापासून दोनदा विचारलंस की काका, जड सामान आधी चढवतात, मग आईची खाट शेवटी का? शेवटी चढते ती आधी उतरते, म्हणून. बावीस वर्षं लोकांची घरं हलवतोय. पहिली चौदा वर्षं मी कपाट आधी उतरवायचो आणि उरलेल्या जागेत खाट कोंबायचो. मग एके ठिकाणी अशी अद्दल घडली की तेव्हापासून पद्धत बदलली.

वहिनी झोपल्या ना आत? दार लोटून घे. हे त्यांच्या कानावर नको.

माझा एक मित्र आहे, रंगारी. घरं रंगवतो. त्याचे वडीलही रंगारीच, त्यांच्याकडूनच तो शिकला. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत एकदा चुना उडाला आणि मग हळूहळू दोन्ही डोळे गेले. पण माणूस मोठा मिश्किल. घरात एकटे फिरायचे. खाटेवरून उतरलं की उजवा हात भिंतीला लावायचा, नऊ पावलं मोजायची, की आलं न्हाणीघर. कुणाला हाक नाही, काठी नाही. तळहात चुन्याने फाटलेले म्हणून सतत तेल चोळलेलं असायचं. अकरा वर्षं तो तेलकट हात एकाच भिंतीवरून फिरला. कमरेच्या उंचीवर एक काळपट पट्टाच उमटला होता तिथे. ते म्हणायचे, "जन्मभर लोकांच्या भिंती उजळल्या, आता स्वतःची मळवतोय." नात लहान, सहा वर्षांची. ती त्यांच्याच खोलीत झोपायची आणि रात्री ते उठले की त्यांचं बोट धरून तीही पावलं मोजत जायची. तिथेच अंक शिकली म्हणा ना.

पुढे घरभाडं इतकं चढलं की रंगाऱ्याला ते पेलेना. दहा तासांच्या अंतरावर एक लहान गाव, तिथे निम्म्या भाड्यात दुमजली घर मिळत होतं. तुम्हीही स्वस्ताई बघूनच निघालात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पोट कुठे भरेल ते बघावंच लागतं. म्हाताऱ्याला विचारलं, तर त्यांनी एकच गोष्ट मागितली. मी तिथेच उभा होतो, भांडी बांधत होतो. म्हणाले, "सगळा मुलूख बदला, माझं काही म्हणणं नाही. फक्त माझी खाट आहे तशी ठेवा. उतरल्यावर उजवा हात न्हाणीघराच्या वाटेला लागला पाहिजे."

एवढंच.

नव्या घरात खालची खोली ओली होती, म्हणून त्यांना वर ठेवायचं ठरलं. वर एक बोळ होता. बोळाच्या एका टोकाला न्हाणीघर आणि दुसऱ्या टोकाला जिना. मधोमध त्यांची खोली. रंगाऱ्याने आधीच जाऊन मोजमाप घेतलं होतं. खाटेचं डोकं खिडकीकडे ठेवलं की उजव्या हाताची भिंत थेट न्हाणीघराकडे न्यायची. योगायोग असा की पावलंही नऊच. डोकं दाराकडे केलं, तर मात्र उजवा हात जिन्याकडे. तेही नऊच पावलं.

मी कपाट आधी लावलं. मग खाट आणली, तर डोकं खिडकीकडे केल्यावर कपाटाचं दार उघडेना. अंधार पडला होता, ट्रक परत न्यायचा होता, माझी माणसं कंटाळली होती. मी खाट फिरवली. माझ्या या हातांनी. रंगाऱ्याने पाहिलं आणि म्हणाला, "राहू दे, उद्या फिरवू." मीही म्हटलं, "हो, उद्या फिरव." आणि निघालो.

चौथ्या रात्री म्हातारा जिन्यावरून पडला. पहाटेपर्यंतही राहिला नाही.

मला फोन आला तेव्हा मी दुसऱ्या कुणाचं तरी कपाट उतरवत होतो. मी गेलो नाही. काम आहे म्हणून सांगितलं. खरं सांगायचं तर तोंड दाखवायची हिंमत नव्हती.

महिन्याने जावंच लागलं. म्हाताऱ्याच्या ब्रशांची पेटी माझ्या गोदामात राहिली होती आणि माझा एक ट्रक तिकडूनच जाणार होता. शिवाय जुन्या घराचा मालक माझ्यामागे लागला होता, कारण रंगाऱ्याकडे एक किल्ली राहून गेली होती. मालकाची आणखी एक कुरकुर होती. निघताना रंगाऱ्याने त्या पट्ट्यावर रंगाचे दोन हात मारून भिंत पांढरी करून दिली होती, पण तेलाचा डाग रंगातून वर येतो. मालकाने पुन्हा रंग दिला. पुन्हा पट्टा वर आला.

मंगळवार होता. नोव्हेंबरची एकोणीस तारीख. संध्याकाळी सातला पोचलो. पेटी दिली, किल्ली घेतली. रंगारी निम्मा झाला होता. नात मात्र जेवताना बडबडत होती, शाळेतलं सांगत होती. मग अंथरुणं पडली. मी आणि रंगारी म्हाताऱ्याच्या खोलीत, खाली जमिनीवर. शेजारच्या खोलीत त्याची बायको आणि पोरगी.

खाट रिकामी होती. मी लावली होती तशीच. डोकं दाराकडे. महिनाभर तिला कुणी हात लावला नव्हता.

मी अंधारात म्हटलं, "फिरवून ठेवायची होतीस रे." तो म्हणाला, "आता कुणासाठी?" मग हळूच म्हणाला, "पोरगी चार दिवसांपासून झोपेत उठते. ही दाराला आतून कडी लावते." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "आज लावली का विचारायला हवं होतं." पण उठला नाही. थकला होता. मीही म्हटलं, लावली असेल.

पावणेतीन वाजले होते. घड्याळाचे काटे चमकणारे होते, म्हणून सांगतो.

खाट करकरली.

आधी वाटलं, लाकूड आहे, थंडीने वाजतं. मग पुन्हा करकरली. उठून बसताना करकरते ना, तशी. मग पाय जमिनीला टेकल्याचा आवाज.

आणि मग भिंतीवर हात. कोरड्या भिंतीवरून तळहात सरकतो ना... सर्र... थांबला. सर्र... थांबला.

मी रंगाऱ्याकडे पाहिलं. त्याचे डोळे उघडे होते. त्याने फक्त मान हलवली. म्हणजे, रोज.

आवाज आमच्या पायाशी आला. दारातून बाहेर गेला. बोळात वळला. जिन्याच्या बाजूला...

शेजारच्या दाराची कडी लावलेली नव्हती. ते दार उघडलं.

आम्ही दोघं उठून बोळात आलो. बोळातल्या दिव्याचा मिणमिणता उजेड होता. पोरगी चालत होती. डोळे मिटलेले. उजवा हात भिंतीला. डावा हात वर उचललेला... कुणाचं तरी बोट धरल्यासारखा. मूठ घट्ट मिटलेली. मुठीत काही नव्हतं.

"पाच... सहा..."

ओरडलो असतो तर दचकून पडली असती. रंगारी पुढे सरकायचा प्रयत्न करत होता, पण त्याचे पाय उचलत नव्हते. माझेही नव्हते.

"सात..."

"आठ..."

पुढचं पाऊल जिन्यावर.

ती थांबली. मिटल्या डोळ्यांनीच मान वर करून त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. आणि झोपाळू आवाजात, अगदी साधं बोलावं तसं म्हणाली,

"पण आजोबा, बाबा तर म्हणाले होते, फिरवली म्हणून."

...

रंगारी तिथेच खाली बसला.

सगळं नंतर त्याच्याच तोंडून कळलं मला. पहिल्या तीन रात्री तो स्वतः वडिलांना हाताला धरून न्यायचा. चौथ्या दिवशी दिवसभर शिडीवर काम करून आला. म्हाताऱ्याने विचारलं, "खाट फिरवलीस का रे?" तो म्हणाला, "हो बाबा, फिरवली." उद्या फिरवू असं मनात होतं. एका रात्रीचाच तर प्रश्न होता. आणि म्हाताऱ्याने विश्वास ठेवला. पोराला कशाला उठवायचं म्हणून, नात गाढ झोपेत असताना, एकटेच उतरले. उजवा हात भिंतीला लावला आणि नऊ पावलं मोजली.

हे त्याने बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. पोरीने मात्र ऐकलं होतं.

मी धडपडत जाऊन तिला उचललं. अंग गार पडलं होतं. डावा हात वरच होता. मी खाली घ्यायला गेलो... येईना. मूठ सुटेना.

"उठ," मी रंगाऱ्याला म्हटलं. "कपाट धर."

पोरीला तिच्या आईजवळ बसवलं. तीही उठून आली होती. आम्ही दोघांनी कपाट ओढून बाहेर काढलं. जिथे अडलं तिथे फरशी खरवडली गेली. मग खाट उचलली. रिकामी खाट. चौदा वर्षं खाटा उचलल्या होत्या, मला वजन कळतं. ती रिकाम्या खाटेसारखी नव्हती.

डोकं खिडकीकडे केलं. चौथा पाय टेकला, आणि पोरीच्या आईने आतून हाक मारली. मूठ उघडली होती.

रंगारी खाटेच्या कडेला हात ठेवून बसला. एवढंच म्हणाला, "बाबा, आता फिरवली."

काही वेळ काहीच नाही.

मग सर्र... हळू. आमच्या पाठीमागून. दारातून बाहेर. या वेळी दुसरीकडे. मी मोजत होतो. तोही मोजत होता. नऊ. न्हाणीघराचं दार लोटल्याचा आवाज आला.

परत यायचा आवाज आला नाही.

सकाळी उजाडल्यावर मी बोळात आलो. भिंत रंगाऱ्याने स्वतः रंगवलेली होती, दोन महिनेही झाले नव्हते. जिन्याच्या बाजूने दुधासारखी पांढरी. न्हाणीघराच्या बाजूने मात्र कमरेच्या उंचीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, काळपट तेलकट पट्टा. बोट लावलं तर गुळगुळीत. अकरा वर्षं हात फिरल्यावर होतो तसा. रंगारी कितीतरी वेळ त्यावर तळहात ठेवून उभा होता. त्याने तो आजतागायत रंगवलेला नाही. लोक हसतात, रंगाऱ्याच्याच घराची भिंत मळकी म्हणून. तो त्यांना काही सांगत नाही.

खाट फिरवली म्हणून सगळं फिटलं, असं त्याला वाटत नाही. मलाही वाटत नाही.

त्याच संध्याकाळी परत आल्यावर मी जुन्या घराची किल्ली द्यायला गेलो. मालक दारातच भेटला, खूश होता. मला हाताला धरून आत नेलं आणि ती भिंत दाखवली. पांढरी, स्वच्छ. म्हणाला, "शेवटी गेला बुवा डाग. कालपर्यंत दिसत होता, आज सकाळी बघतो तर नाही."

मी विचारलं, "पुन्हा रंग दिलात का?"

तो म्हणाला, "नाही. मी तर हातही लावला नाही."