वर आलेला फोटो

राजूरच्या बाजारात दिशाच्या बियांच्या पाट्यांसमोर एक हेल्मेटवाला येऊन उभा राहिला. भुरभुर पावसात पार भिजलेला. त्यानं थेट मोबाईलच पुढं केला.

"काळ्या घेवड्याचं बी. आज मिळंल असं लिवलंय तुमी."

दिशानं पाहिलं. गावठी बियाण्यांचं पेज तिचं होतं, पोस्टही तिचीच होती. पण...

"ही बारा दिवसांमागची हाय. बी त्याच दिवशी संपलं."

"आँ? मला तर आज सकाळीच सगळ्यात वर दिसली—"

"मोबाईल काय, त्याच्या मनाला येईल ते वर दाखवतो. खालची तारीख बघायची असती!"

"राहुरीहून आलोय हो... गाडीवर."

हे सांगताना तो इतका निरागस हसला, की दिशालाही हसू आवरेना. घरच्या पेरणीसाठी राखलेल्या पुडीतलं मूठभर बी तिनं त्याला दिलं, वर शेजारच्या टपरीवरचा चहाही पाजला. कल्याण त्याचं नाव. राहुरीला रोपवाटिका होती त्याची. चहा पिताना तो बियांपेक्षा दिशाकडंच जास्त बघत होता. तिनं ते पाहिलं, आणि पाहिलं नाही असं दाखवलं. या कामात मुली पटाईत असतात!

मग तो दर बाजारी येऊ लागला. कधी वालाचं बी हवं, कधी भोपळ्याचं. राहुरीत बी मिळत नाही असं थोडंच आहे? पण विचारणार कोण!

"एवढं बी पेरता तरी कुठं?" तिनं एकदा विचारलंच.

"सगळं न्हाई पेरत... थोडं जपून ठेवतो," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

असे दोन महिने गेले. एवढ्यात आबांनी, म्हणजे दिशाच्या वडलांनी, संगमनेरचं एक स्थळ आणलं. पाहुणे रविवारी बघायला यायचं म्हणत होते. दिशा हो म्हणेना, नाही म्हणेना. कल्याण काहीतरी बोलेल, या बाजारी नक्की बोलेल, एवढ्या आशेवर तिनं आठवडा रेटला. आणि बाजाराच्या आदल्या संध्याकाळी फेसबुक उघडलं, तर सगळ्यात वर त्याचाच फोटो! डोक्याला फेटा, अंगात कोट, शेजारी हिरव्या शालूतली मुलगी. 'आज आमचा साखरपुडा. आशीर्वाद असावेत.' खाली पाच-पाच मिनिटांपूर्वीची अभिनंदनं.

दिशा रडली, मग चिडली, आणि सकाळी उठून आबांना म्हणाली, "येऊ द्या पाहुण्यांना."

बाजारात कल्याण नेहमीसारखाच हसत आला.

"अभिनंदन," ती म्हणाली. आवाज कोरडा ठेवायला तिला फार कष्ट पडले.

"कशाचं?"

तिनं फोटो दाखवला. त्यानं कपाळावर हात मारला.

"हा छगन्याचा उद्योग! मित्र हाय माझा. तो कोट बघा की, मामाचा हाय, दोन माणसं मावतील त्यात. तो अन् दोस्तमंडळी अधनंमधनं फोटोवर चेष्टेनं अभिनंदनाच्या कमेंटा टाकत्यात, अन् फोटो पुन्ना वर येतो. चार वर्सं झाली त्याला."

"आणि... ती?"

"मोडलं ते. तिला शहरात ऱ्हायचं हुतं, माझ्याच्यानं रोपं सोडवंनात. सुखात हाय ती आता."

दिशानं तारीख पाहिली. लोकांना बारा दिवसांवरून शहाणपण शिकवणारी ती, चार वर्षांना फसली होती.

"फोटो बघून काय वाटलं तुमाला?" त्यानं हळूच विचारलं.

"काय वाटायचं..." तिचे डोळे भरून आले. "रागात रविवारच्या पाहुण्यांना हो म्हटलं मी. बघायला येणारेत."

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"दर बाजारी ठरवून येतो, आज बोलायचंच. अन् पुडी घेऊन माघारी जातो. दिशा... मला तुमी आवडता. लई आवडता. आता बोलून काय उपेग हाय का, तेवढं सांगा."

दिशानं फोन लावला.

"आबा, पाहुण्यांना येऊ नका म्हणून सांगा."

"अगं, सकाळीच तर हो म्हणालीस! आता कारण काय सांगू त्यांना?"

"कारण..." तिनं कल्याणकडं पाहिलं. "कारण माझ्यासमोर उभं हाय."

पलीकडं आबांनी घसा खाकरला.

"तो बी नेणारा व्हय?"

"...व्हय."

"दोन महिने झालं, आख्खा बाजार मला सांगतोय. पोरगं तोंड उघडंना म्हणून मी स्थळ बघाया लागलो. घेऊन ये त्याला जेवायला."