वलगावचा सांगावा

वलगावची राखण करणारा नत्थुजी जागल्या त्या दिवशी दुपारची भाकर खाऊन निघाला, तवा त्याच्यापासी एकच काम होतं. तीन कोस चालून आमच्या गावात यायचं, किसनरावाच्या घरापुढं उभं राहायचं, अन् किसनरावाच्या सुनेले सांगायचं का बाई, तुही माय गेली.

एवढंच काम. ते त्याले कसं कसं करा लागलं, ते सांगते. हात चालू द्या पोरीहो, बोलण्यानं सरकी निघत नाई.

भुताची गोष्ट म्हणून ऐकू नका. किसनरावाच्या अन् आमच्या घरात एक भिंत. त्याची सून सुभद्रा माह्याच वट्ट्यावर येऊन बसे. तिनं सांगतलं ते तिचं म्हणून सांगते, अन् माह्या डोळ्यानं पाह्यलं तेवढं माहं म्हणते. चार वर्साखालची महाशिवरात्रीची आदली रात. माघातली काळोखी. रेल तवा बडनेऱ्याले आली नव्हती. साऱ्या वऱ्हाडाचा कापूस बैलाच्या मानेवर होता.

मयतीचा सांगावा आणणाऱ्याची रीत तुमाले ठाऊक हाये. तो दारात येत नाई. बसत नाई. ज्या घरी सांगायचं त्या घरचं पाणी पेत नाई. उभ्यानं सांगते अन् उभ्यानं फिरते. पाणी पेला का तो पाहुणा झाला, अन् पाहुण्याच्या तोंडून मयत निघाली तर त्या घरचं आणखी एक माणूस जाते म्हणतात. चुकून पेलाच, तर गावाच्या शिवेपार जावं, अन् तिथून नव्यानं यावं.

पण त्या वर्सी रीत कोणाच्या ध्यानात होती? समुद्रापलीकडच्या कोण्या मुलखात गोरे आपसात लढत होते म्हणे. तिकडचा कापूस अडला अन् आमच्या काळ्या मातीतल्या बोंडाले भाव आला. भाव म्हंजे काय, लोकाईनं बैलाच्या शिंगाले चांदीच्या शेंब्या घातल्या. बायकोच्या अंगावर धड लुगडं नाई अन् बैल पाहा तर नवरदेव.

अगोदर आमच्या पारावर गावाची बातमी राहे. कोणाची म्हैस सुटली, कोणाच्या घरी पाळणा बांधला, कोण अंथरुणाले लागलं. मंग सारं गेलं अन् एकच राह्यलं... भाव काय फुटला. मुंबईच्या बंदरात जहाज लागलं का. ज्याईनं समुद्र सपनात पाह्यला नाई ते पारावर बसून जहाजं मोजत. साता समुद्रापलीकडची खबर आमच्याकडे दररोज ये, अन् तीन कोसांवरच्या वलगावची येत नव्हती. मले अजून चीड येते.

आता सुभद्रेचं ऐका. तिची माय पार्बताबाई वलगावले. तिकडचाच कुर्बान गाडीवान कापूस घेऊन जाता जाता सुभद्रेले इहिरीवर भेटला अन् सांगून गेला का बाई, तुमची माय अंथरुणाले लागली, तुमचं नाव घेते, एक डाव जाऊन या. त्या रोजपासून ती जायाले बैलबंडी मागत होती. घरी दोन बंड्या, दोन्ही कापसाखाली. किसनराव म्हणे उद्या. उद्या झाला का म्हणे, हा भाव उतरू दे. भाव चढला का म्हणे, आता तर बंडी सोडताच येत नाई. बरं, पायी जाते म्हटलं, तर किसनरावाची सून पायी गेली म्हणून लोक हसतीन. बंडी देत नाई अन् पायी जाऊ देत नाई. नवरा वामन, तो बापापुढं मान हालवून हाव म्हणे अन् बायकोपुढंबी हाव म्हणे. दोन हाव मिळून एक बंडी काई जुंपल्या गेली नाई.

एक रोज माह्या वट्ट्यावर बसली. रडली नाई. दातावर दात ठेवून म्हणे, "काकी, कापूस एक रोज थांबला तर मरते काय? माय मरते."



त्या दिवशी दिवस बुडता बुडता नत्थुजी गावात शिरला. बुढा माणूस, तीन कोसांचं ऊन अंगावर. हातात त्याची घुंगराची काठी. पारावर सारे माणसं अमरावतीहून भाव आणणाऱ्याची वाट पाहून राह्यले होते. माहा पोरगा महादेव तिथंच होता. त्यानं हे मले दुसऱ्या दिवशी सांगतलं. भाव आणणाऱ्याच्या काठीलेबी घुंगरू राहे, म्हणून घुंगराचा आवाज आला अन् कोणीतरी म्हणलं, आला. झालं. साऱ्याईनं बुढ्याले घेरलं, हाताले धरून पारावर बसवलं, खांद्यावरचं घोंगडं काढून घेतलं. किसनरावानं आपल्या घरचा तांब्या मागवला, भरलेला, अन् स्वतःच्या हातानं बुढ्याच्या तोंडाले लावला. त्या गलक्यात, त्या तहानेत, नत्थुजी घटाघटा पेला.

पिऊन झाल्यावर तोंड पुसत इचारते, "किसनरावाचं घर कोणतं?"

"मीच किसनराव. तू भाव बोल."

नत्थुजीनं तांब्याकडं पाह्यलं. किसनरावाकडं पाह्यलं. महादेव सांगे का बुढ्याचं तोंड उघडलं अन् तसंच मिटलं. मंग तो हळूच उठला, घोंगडं घेतलं अन् म्हणे, "शिवेवरून येतो."

पारावर हसणं सुटलं. कोणी म्हणे बुढा भाव इसरला, आणाले चालला. कोणी म्हणे येता येता जहाजबी घेऊन ये. नत्थुजी काठी टेकत नाल्याच्या वाटेनं गेला.

किसनराव तो रिकामा तांब्या घेऊन घरी आला. दिवेलागणीच्या टायमाले मी कचरा टाकाले बाहेर निघाली, तवा मी पाह्यला. त्याच्या वट्ट्यावर पालथा ठेवलेला. मी आपली घरात गेली.

रात झाली. त्याच्या ढेलजेत, दारालागच्या खोलीत, छतालोक कापूस. किसनराव कापसाच्या राखणीले तिथंच, दारापासी झोपे. पहिली झोप लागली अन् बाहेर आवाज आला.

छन्.

थोडा थांबून, छन्.

किसनराव पडल्या पडल्या इचारते, कोण हाये? बाहेरून आवाज आला, बाहेरच उभा हाव. यानं इचारलं, भाव काय? काईच नाई. पुन्हा इचारलं, अरे भाव काय फुटला? बाहेर चूप. किसनरावानं एक शिवी देल्ली, कूस बदलली अन् घोरू लागला.

दुसऱ्या डावाले वाजलं तवा आतून वामन आला. दार उघडलं, दिवा वर केला. उजेड पुरत नव्हता तिथं एक माणूस उभा. वामन सभ्य, त्याले घरची शिकवण. म्हणे, या, बसा, पाणी आणतो. आत जाऊन पाणी आणलं अन् पाहते तर कोणी नाई. दार लोटून झोपला.

तिसऱ्या डावाले सुभद्रा जागीच होती.

छन्.

ती उठून बसली.

छन्.

सासरा घोरत होता. नवरा घोरत होता. ती ढेलजेत आली. दाराच्या आतून कान देला. बाहेरून आवाज... एकदम जवळ. ओल्या मातीतून आल्यासारखा.

"पाणी नको."

एवढंच.

आवाज तिच्या ओळखीचा होता. लहानपणापासून ऐकलेला. वलगावले रोज सांजेले नत्थुजी त्याईच्या दारावरून जाये, पार्बताबाई त्याले भाकर दे अन् वरतून पाणी ओते. सुभद्रा सांगे, काकी, त्यानं आमच्या दारचं पाणी कवाच नाकारलं नव्हतं. मंग आज?

मंग तिले समजलं.

पोरीहो, हात काहून थांबले? ... थांबू द्या.

तिनं दार उघडलं. दिवा घेतला नाई. या म्हणली नाई, बसा म्हणली नाई. डोक्यावर पदर घेतला, उंबरठ्याच्या आत उभी राह्यली अन् म्हणे,

"नत्थुकाका, उभ्यानंच सांगा."



"पार्बताबाई गेल्या."

...

"तुह्यासाठी ठेवलं हाये. सूर्य निघेलोक."

ती रडली नाई. उंबरठा ओलांडला. पायात काई नाई. सासऱ्याले उठवलं नाई. उठवलं असतं तर त्यानं उद्या म्हटलं असतं.

समोर घुंगरू वाजलं. ती मागं निघाली.

माणूस दिसत नव्हता. खाली वाट पांढरी, वर अंधार. समोरून छन्. ती चाले. थांबली का समोरचा आवाजबी थांबे. गावाचे कुत्रे भुंकले नाई. कापसाच्या गाड्याईची एक रांग समोरून आली. गाडीवान झोपलेले. पहिल्या गाडीचे बैल जागच्या जागी थबकले. मंग दुसऱ्या गाडीचे. मंग साऱ्या. कान उभे. एका बैलानंबी पाय उचलला नाई, ती निघून जाईलोक.

मंग नाला आला. शिवेवरचा.

आवाज थांबला.

ती काठावर उभी. खाली पाण्याचा थोडासा चमचमाट. समोर आवाज नाई. बाजूले नाई. मंग...

छन्.

खालून.

नाल्यातून. काठ ढासळला होता तिथून.

ती वाकू लागली. अन् मागून, एकदम कानापासी,

"खाली पाहू नको, बाई."

तिनं पाह्यलं नाई. डोळे मिटले. पाण्यात पाय घातला. गार. घोट्यालोक. मंग पलीकडचा काठ. मंग पुन्हा समोरून छन्, पहिल्यासारखं. ती चालत राह्यली.

वलगावच्या पहिल्या घरापासी घुंगरू बंद झालं. ते मंग तिले पुन्हा ऐकू आलं नाई.

पूर्वेकडं उजाडू लागलं होतं. तिरडी बांधून तयार. माणसं उठायच्याच बेतात. सुभद्रेले पाहून भाऊ धावत आला. म्हणे, आमाले वाटलं तू येतच नाईस. तिनं मायचं तोंड पाह्यलं. आपल्या हातानं मायच्या तोंडात पाणी घातलं. मंग तिचा हुंदका फुटला.

भावानं इचारलं, एकटी आलीस काय? म्हणे नाई, नत्थुकाकाच्या मागं आली. तिथं नत्थुजीची बायको बसली होती. ती म्हणे, "कुठी हायेत ते? कालपासून घरी आले नाई."

इकडं सकाळी आमच्या गावात किसनरावाचं दार सताड उघडं अन् सून गायब. मंग पाहा गंमत. मायले भेटाले बंडी नव्हती, सुनेले धरून आणाले दोन्ही बंड्यांवरचा कापूस खाली उतरला. किसनराव, वामन, महादेव, सारे निघाले. नाल्यापासी बैल अडून बसले. हाणले तरी हालत नाई. पलीकडून कुर्बानच्या गाड्या आल्या, त्याचेबी बैल अडले. कुर्बान खाली उतरला, काठावरून वाकून पाह्यलं अन् हातानं साऱ्याईले थांबवलं.

ढासळलेल्या काठाखाली नत्थुजी पडला होता. गाड्याईच्या चाकानं काठ पोखरला होता, बुढ्याचा पाय पडला अन् मातीची दरड अंगावर आली. अंग लाकूड झालं होतं. कुर्बान म्हणे, मी काल दिवेलागणीले इथूनच गेलो, तवा काठ पडलेला होता. म्हंजे पारावरून उठला तो इथंच आला, अन् इथंच संपला. शिवेपार जाऊन नव्यानं यायचं होतं त्याले. काठी मुठीत होती, अन् घुंगरात चिखल ठासून भरलेला. कुर्बाननं हालवून पाह्यलं. वाजलं नाई.

किसनरावानं तिथं डोक्याचा पागोटा काढला. नत्थुजीले स्वतःच्या बंडीत घालून वलगावले नेलं, अन् सुनेच्या मायच्या जळत्या सरणापुढं पायातले जोडे काढून उभा राह्यला. माणूस वाईट नव्हता. कामाचा नव्हता, एवढंच.

त्या सांजेले अमरावतीहून भाव आणणारा आला. पारावर उभा राहून आवाज देत राह्यला. एकबी माणूस घरातून निघाला नाई. म्हणून म्हणते पोरीहो, दारात थकलेला माणूस उभा असला तर पहिले इचारा कुठून आला, कोणासाठी आला. पाणी मंग.

अन् त्या सकाळचं एक राह्यलं. सारे लोक सुनेले शोधाले गेले, तवा मी किसनरावाच्या दारात गेली. घरात चिटपाखरू नाई. वट्ट्यावर तो तांब्या होता. दिवेलागणीले माह्या डोळ्यानं पालथा पाह्यलेला. तो सुलटा होता. अन् नत्थुजी पेला त्याच्या अगोदर होता तसा काठोकाठ भरला होता, वरतून थेंब सांडला नव्हता. खाली, भोवताल, सारी जमीन कोरडी.

किसनरावानं परत आल्यावर घरातल्या एका एकाले इचारलं, हा कोणी भरला.

कोणीच भरला नव्हता.