कोरडा नळ, ओलं गटार

खळ्ळ… गुडुगुडु.

पहाटेच्या शांततेत भिंतीतल्या पाइपानं घसा साफ केला आणि टिटवीचे डोळे उघडले. तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतंच. सगळ्यांच्या आधी उठून सगळ्यांना उठवणारी, म्हणून घरात ती टिटवी. तिनं शेजारी झोपलेल्या मावसभावाला ढोसलं.

"वकील, ऊठ. पाणी आलं."

सुट्टीला आलेला हा भाऊ प्रत्येक गोष्टीवर वाद घालायचा, म्हणून तो वकील. "नळ बघितलास?" त्यानं डोळे न उघडताच उलटतपासणी सुरू केली.

टिटवीनं बेसिनचा नळ सोडला. फुस्स. नुसती हवा.

"मग पाइपात काय वाजतंय?" वकील उठून बसला.

दोघं गॅलरीत आले. मोरीत आई पिंप घासत होती, तिचं लक्ष नव्हतं. पाऊस दडी मारून बसल्यापासून पाणी दिवसाआड यायचं, तेही सकाळी तासभर. आज यायला अजून अवकाश होता. खाली इमारतीमागचं गटार मात्र मजेत वाहत होतं. साबणाचा फेस नाही, खरकटं नाही. स्वच्छ पाणी.

"नळात नाही आणि गटारात आहे," वकील पुटपुटला. "माझं डोकंच चालेना."

"एरवी तरी कुठे चालतं?"

दोघांना हसू आलं, पण टिकलं नाही. कालच आई बाबांना हळू आवाजात म्हणाली होती, "पुरत नाहीये हो पाणी. ताईला सांगते, रविवारी येऊन याला घेऊन जा." वर्षभर वाट पाहिलेली सुट्टी अशी बुडणार? पाणी कुठे जातंय ते सापडलं, तरच वकील राहू शकत होता.

टिटवीचा संशय तळमजल्यावरच्या अध्यक्षकाकांवर होता. जिन्यात 'पाणी जपून वापरा' अशी पाटी त्यांनीच लावली होती, आणि इमारतीतली सगळ्यांत मोठी पिंपंही त्यांचीच. 'पाहुणे आले की पाणी संपणारच,' हे वाक्य ते वकिलाकडे बघूनच म्हणायचे.

"पाटी लावणाराच चोर असणार," टिटवी म्हणाली.

"असेल. पण चोर चोरलेलं पाणी गटारात कशाला ओतेल?"

हे काही केल्या जुळत नव्हतं.

पुढच्या पाण्याच्या दिवशी, जरा उजाडताच, तिघं गटाराशी दबा धरून बसले. तिसरा म्हणजे टिटवीचा धाकटा भाऊ गोटी. त्याला मागे ठेवलं असतं, तर त्यानं भोकाड पसरून अख्खी इमारत जागी केली असती.

सगळ्या मजल्यांच्या मोऱ्यांचं पाणी एकाच जाड पाइपातून खाली यायचं. तो गुडगुडला आणि भदाभदा पाणी पडलं. थांबलं. पुन्हा पडलं. मग आणखी एकदा.

"चोर आहेत तरी किती?" वकील चक्रावून म्हणाला.

तेवढ्यात गोटी पुढे झेपावला. त्याच्या मुठीत बुचाची चिमुकली होडी होती. "ही माझी आहे!"

"इथे कशी आली?"

"काल मी आपल्या पिंपात सोडली होती. आईला सांगू नका हां."

आपल्या पिंपात? टिटवीला क्षणभर काही कळेचना. आपल्या मोरीची जाळी तुटलेली आहे, हे मात्र तिला आठवलं. तिघं धावत वर गेले.

आई पिंप तिरकं करून पाणी मोरीत ओतत होती.

"आई, काय करतेस?"

"शिळं पाणी ओततेय. आत्ता ताजं येईल ना."

"शिळं? परवा तर भरलंस."

"मग, तेच म्हणतेय मी. सगळ्याच घरांत ओततात. पिंप रिकामं नको का करायला?"

"आणि मग पुरत नाही म्हणून याला परत पाठवायचं," टिटवी हळूच म्हणाली.

आईचे हात थांबले. तिनं पिंप सरळ केलं, वकिलाकडे पाहिलं आणि ओल्या हातांनीच त्याला जवळ घेतलं. "अगं बाई," एवढंच ती म्हणाली.

मुलांनी खाली जाऊन बेल वाजवली. अध्यक्षकाकांनी दार उघडलं तेव्हा त्यांच्याही हातात ओतायची बादली होती. मुलांचं सगळं ऐकून ते जिन्यातल्या पाटीकडे वळले. "ही मी लावली खरी," ते म्हणाले, "वाचली मात्र नव्हती."

मग ते स्वतः मजल्यामजल्यावर फिरले. उरलेलं पाणी फरशीला, संडासाला, कुंड्यांना वापरायचं, ओतायचं नाही. त्यानंतरच्या पाण्याच्या दिवशी पहाटे गटार कोरडं होतं आणि घराघरांत पाणी शिल्लक होतं.

काकांनी वकिलाच्या पाठीवर थाप मारली. "पाहुणे, सुट्टी संपेपर्यंत हलायचं नाही. आणि तुमची ही टिटवी आणि हा होडीवालाही हुशार हो." आईनं मावशीला फोन केला, "रविवारी येऊ नकोस गं."

फोन ठेवून आई पिंपावर झाकण घालू लागली, तर गोटी होडी घेऊन काठाशी उभा.

"आई, पाणी दोन दिवसांत शिळं होतं?"

"हो… म्हणजे, आम्हाला आपलं तसं वाटायचं."

गोटी नळाकडे बघत विचारात पडला.

"मग नळाला येतं ते धरणात कधीपासून साठलेलं असतं?"