आगाता सिस्टरची घंटा

ती घंटा आधी खाली ठेव, इलेनिया. खेळणं नाहीये ते. आणि दारिओ, दात काढू नकोस. दिवसभर दोघं त्या परांचीवर चढून देवदूतांची नाकं घासताय, रात्री पायरीवर बसून चीज-पाव खाताय, खा. पण उद्या चर्च सोडून मागं मठात शिरायचंय ना? मग हे ऐका. माझ्या गवंडीकामातल्या जोडीदाराच्या बाबतीत घडलेलं आहे. गास्पारेच्या. खोटं वाटलं तर त्याला विचारा, बाजारात कोपऱ्यावरच्या कॉफीवाल्याकडे बसलेला असतो. इथं मात्र तो येत नाही.

ही समोरची भिंत बघा. त्र्याण्णवच्या भूकंपात, म्हणजे सोळाशे त्र्याण्णवच्या, सगळं गाव भुईसपाट झालं आणि नंतर लोकांनी जिद्दीनं हे असं उभं केलं. एक रेघ सरळ म्हणून ठेवली नाही. खांब वळलेले, कठडे फुगलेले, चुन्याची फुलं, चुन्याची पोरं. आणि वरच्या मजल्यावर त्या पोट सुटलेल्या लोखंडी जाळ्या दिसतात? त्यांच्या आडून नन्स खालची मिरवणूक बघायच्या. त्यांना मात्र कुणी बघायचं नाही. एकदा आत गेली की बाई मेल्यावरही बाहेर येत नसे, चर्चच्या खालीच पुरायचे. बाहेरून सामान द्यायचं तर दाराशेजारी भिंतीत ते फिरतं लाकडी कपाट. ठेवायचं, फिरवायचं. हातसुद्धा दिसत नसे.

आता छप्पर गळलं, तर गवंड्याला आत घ्यावंच लागे. मग दारावरची सिस्टर आपल्यापुढं घंटा वाजवत चालायची. घंटा ऐकली की बाकीच्या बाजूला व्हायच्या, तोंडावर पडदा ओढायच्या. आमच्या वेळी दारावर आगाता सिस्टर होती. एक पाय आखूड, जाड तळाचा बूट. कानांनी अर्धी बहिरी. तीन पावलं, एक टोला. तीन पावलं, एक टोला. ओसरी ओलांडायला पाव तास! डोक्यावर चुन्याची घमेली आणि पुढं ही गोगलगाय.

चौऱ्याऐंशीच्या मार्चात गास्पारे म्हणाला, "लिबोरिओ, आज म्हातारीची जीभ बांधू. आतल्या पऱ्या कशा दिसतात बघू तरी."

घंटेची जीभ म्हणत होता तो. आगाता कुलपाशी झटत होती, घंटा कट्ट्यावर होती. बांधायला काही नव्हतं. मी... माझ्या शर्टाचं टोक टरकन फाडून दिलं. हिरव्या पट्ट्यांचा शर्ट होता, आईनं शिवलेला.

ती बिचारी मुकी घंटा हलवत पुढं चालली. मागून आम्ही ओठ दाबून. अंगणात विहिरीच्या कट्ट्यावर एक सिस्टर बसलेली. डोकं उघडं. नुकतं धुतलेलं. आखूड कापलेले केस, निम्मे पांढरे. उन्हात डोळे मिटून बसली होती.

डोळे उघडले तर समोर आम्ही.

ओरडली नाही. दोन्ही हातांनी चेहरा झाकला आणि तशीच बसून राहिली. पळायचंही सुचलं नाही तिला. आणि आम्ही हसलो. मी सगळ्यांत मोठ्यानं हसलो.

हसू नकोस दारिओ. तेव्हा मी तुझ्याच वयाचा होतो.

दोष आगातावर आला. दारावरून काढली तिला. चाळीस दिवस जेवणघरात जमिनीवर गुडघ्यांवर बसून जेवली, त्या पायानं. बागेत राबायला येणाऱ्या बाईनं सांगितलं आम्हाला. आम्ही रोज फिरत्या कपाटासमोरून जायचो. एक वाक्य बोलायचं होतं फक्त. "आज बोलू" म्हणायचो, आणि काम उरकून घरी जायचो. त्या हिवाळ्यात ती गेली. मग काय, तेरी भी चूप, मेरी भी चूप. दोघांनी लग्नं केली, पोरं झाली, त्या गोष्टीचा विषय नाही.

मठ दोन हजार आठ साली बंद झाला. उरलेल्या चार सिस्टर कातानियाला गेल्या. किल्ली गास्पारेकडे.

दोन हजार एकोणीस. एक नोव्हेंबर, शुक्रवार. दुसऱ्या दिवशी मृतांचा दिवस.

"म्हणजे रात्री मेलेली माणसं पोरांना साखरेच्या बाहुल्या आणतात तीच रात्र," इलेनिया म्हणते. बरोबर. आणि वाईट पोरांचे तळपाय किसणीनं किसतात. आमची आजी त्या रात्री किसणी लपवून ठेवायची.

पाऊस कोसळत होता. वेदीवरच्या गिलाव्यावर पाणी येतंय म्हणून पालिकेतून फोन आला. गास्पारे ताडपत्री घेऊन आला. साडेअकराला काम उरकलं. वीज नव्हती. बाहेर पडायला जवळचा रस्ता मठातून, म्हणून बॅटरी घेऊन ओसरीत शिरला.

दहा पावलं गेला असेल.

टण्.

पुढं. अंधारात.

त्याला वाटलं, पाणी ठिबकतंय पत्र्यावर. चालू लागला.

ठक्... घासट... ठक्. टण्.

तीन पावलं. एक टोला.

तो थांबला. तेही थांबलं. वाट बघत.

बॅटरी मारली. कमानी. ओली फरशी. कुणी नाही.

मागं वळला असता. पण मागं वळायला पाठ फिरवावी लागते ना... गेला पुढं. हळू. तिच्या चालीनं. पाव तास.

विहिरीपाशी आवाज थांबला.

मग घंटा हलली. हललेली कळली त्याला, हवा हलली. पण आवाज...

भप्.

मुका. कापडात गुंडाळलेला.

भप्... भप्...

गास्पारे गुडघ्यांवर बसला. बोलायचं होतं. तेवढ्यात दारापाशी फिरतं कपाट करकरलं. अकरा वर्षं जाम झालेलं. पूर्ण एक फेरा घेतला त्यानं.

दारापाशी गेला तर घंटा खिळ्याला टांगलेलीच होती. तिच्यावर कोळ्याचं जाळं, न तुटलेलं.

पाऊण वाजता माझं दार वाजलं. गास्पारे चिंब. त्यानं टेबलावर एक चिंधी ठेवली. हिरव्या पट्ट्यांची. धुतलेली, चारी बाजूंनी बारीक टाके घालून दुमडलेली. इस्त्रीची ऊब होती तिला.

"कपाटात होती," म्हणाला. "तुझी आहे."

सकाळी आम्ही कातानिया गाठलं. त्या वेळची मदर जिवंत होती, त्र्याण्णव वर्षांची, खाटेवर. आम्ही साठीतले बाप्ये, टोप्या हातात धरून पोरांसारखे उभे. मी सांगितलं सगळं. पस्तीस वर्षांचं एक वाक्य.

ती म्हणाली, "मला ठाऊक आहे रे. आगातानं त्याच दुपारी चिंधी आणून दाखवली. कुणी बांधली तेही ओळखलं होतं तिनं. म्हणाली, मदर, पोरांची रोजी जाईल, एकाच्या घरी आई आजारी आहे. चूक माझी म्हणा."

आई माझी आजारी होती. आगाताला कुणी सांगितलं होतं, देव जाणे. मला तिथल्या तिथं जमीन दुभंगून आत जावंसं वाटलं. चाळीस दिवस ती माझ्या आईसाठी गुडघ्यांवर जेवली, आणि मी तिच्या दारावरून शीळ घालत जात होतो.

"आणि मी तसं म्हटलं," मदर म्हणाली. "ती लाज माझी. पण आज कसे आलात?"

मी खिशातून चिंधी काढून चादरीवर ठेवली. म्हातारीनं बोट फिरवलं. टाके मोजल्यासारखं. कितीतरी वेळ.

"टाके तिचेच," म्हणाली. "आजारात घालत बसायची. जाताना हीच तिच्या मुठीत दिली होती आम्ही. मूठ मी माझ्या हातानं मिटली. वर शिळा बसवली, चुन्यानं सांधली."

"ती शिळा..." दारिओ विचारतोय. काल तूच झाडलीस की वेदीमागं. सांधा बघितलास ना? केसाइतकीही भेग नाही.

ही घे, हीच ती चिंधी, हात लाव. घाबरू नकोस.

इलेनिया, उद्या आत जाताना घंटा घेऊन तू पुढं हो. सावकाश चाल. तीन पावलं, एक टोला.